दीड घावन

…स्टीलची वाटी. निम्मी पाण्यानं भरलेली, खिडकीच्या कट्ट्यावर, औषधांच्या बाटल्यांच्या अलीकडे… आणि पाण्यात कवळी. पान एकोणीस, वरून सहावी ओळ – हर्षदचं उजवीकडे झुकलेलं अक्षर, निळी शाई, कुठे खाडाखोड नाही – आणि सातव्या ओळीत लगेच बंगल्यातला कुत्रा भुंकायला लागतो, म्हणजे वाटीचं काही विशेष नाही, असते एकेकाच्या खिडकीत. पण गंधाली या माणसाला सत्तावन्न वर्षं ओळखत होती. हर्षद धुरी उगाच वाटी ठेवणारा माणूस नव्हे.

चहावर साय धरली होती. तिनं ती चमच्यानं बाजूला सारली, चहा तसाच गार प्यायला, आणि पिठाच्या डब्यामागून खाकी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आज पाकीट फोडायचा दिवस.

या पाकिटाचं प्रकरण असं, की गेली बावीस वर्षं दिवाळी अंकात ‘ग. ह. धुरी’ या नावानं जी रहस्यकथा येते ती एका माणसाची नाही. ग म्हणजे गंधाली, ह म्हणजे तिचा थोरला भाऊ हर्षद. वाचकांची पत्रं येतात ती ‘आदरणीय धुरीसाहेब’ म्हणून, आणि दोघं ती एकमेकांना वाचून दाखवतात. खून हर्षद करतो, शोध गंधाली लावते. पहिली निम्मी कथा – प्रेत, घर, माणसं, सगळे धागे – त्यानं लिहायची, गुन्हेगाराचं नाव एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात घालायचं, तोंडाला तीन पिना मारायच्या, पिनांवरून सही करायची, आणि कागदांबरोबर पाकीटही तिच्याच हवाली करायचं. दोन महिने पाकीट तिच्या घरी. उघडायचं नाही. फोन करायचा नाही, भेटायचं तर नाहीच – मुलुंड आणि घाटकोपरमध्ये दरवर्षी दोन महिने सुतक असतं, असं मधुवंतीवहिनी म्हणते. मग ऑगस्टअखेरच्या एका रविवारी गंधालीनं उरलेली कथा लिहून मुलुंडला जायचं, हर्षदनं ती मोठ्यानं वाचायची, आणि शेवटी पाकीट फोडायचं. बावीस वर्षांत ती एकदाच चुकली, आणि तेव्हाही हर्षदनंच कबूल केलं की त्याच्या खुन्यापेक्षा तिचा खुनी बरा होता.

उगाच वस्तू नाही, हा त्याचा नियम. औषधाच्या कारखान्यात चौतीस वर्षं तो उजेडासमोरून सरकणाऱ्या बाटल्या बघत बसला. आत केसाएवढा कण दिसला की बाटली बाजूला. कथेतही तेच. छत्री असेल तर ती कुणाची तरी असणार, घड्याळ बंद असेल तर ते कुणीतरी बंद केलेलं असणार. म्हणूनच तर तिचं जमायचं – ती वस्तू मोजत जायची, माणसांकडे बघायचीसुद्धा नाही.

आणि एक न बोललेला नियम होता. पुतण्या, जावई, भागीदार, डॉक्टर, दूधवाला, सगळे त्यांच्या कथांत खुनी होऊन गेले. भाऊ किंवा बहीण कधी नाही. मुलुंडच्या एका वाचनालयात दिशा नावाच्या कॉलेजातल्या मुलीनं उभं राहून विचारलंही होतं, की सर, जगभरच्या रहस्यकथांत भावंडं एकमेकांच्या जिवावर उठतात, तुमच्यात का नाही? हर्षद म्हणाला, “कारण कार्यक्रम संपला की आम्हा दोघांना एकाच रिक्षानं जायचंय.” सगळे हसले. गंधालीही हसली होती.

या वर्षी मात्र मढचा एक बंगला. शूटिंगला भाड्यानं देतात तसला. म्हातारी कॉन्सेप्टाबाई पलंगावर मेलेली. वरकरणी नैसर्गिक मरण, पण पोलिसांत निनावी पत्र येतं. माणसं चौघंच. शूटिंगसाठी बंगला घेणारा रोझारिओ, दिवसपाळीची नर्स, गावात वेगळा राहणारा मुलगा इयान… आणि आईजवळ राहून तिचं सगळं करणारी, बिनलग्नाची मुलगी नॅटली. पान तेवीस: नॅटली फौजदाराला सांगते, ‘ममानं सकाळी दीड पाव खाल्ला, पाणी प्यायली, कुशीवर वळली. कुणाचं नाव घेतलं नाही.’

दीड.

कवळी वाटीत, मग पाव कशानं खाल्ला? एवढं तर शाळेतलं पोरही ओळखेल. इतका सोपा धागा हर्षदनं बावीस वर्षांत ठेवला नव्हता. हा धागा वाचकांसाठी नव्हताच, हे तिला जुलैच्या पहिल्या आठवड्यात कळलं, कागद हातात आले त्याच संध्याकाळी, आणि तेव्हापासून तिचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. अकरा वर्षांनी. याला कळलंय. कसं कळलं, कधी कळलं, आणि कळलं तर तोंडानं का नाही बोलला… चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तिला दोन महिने स्वच्छ दिसत होतं सगळं.

ती उठली, वेणी घातली, साडीला पिन लावली. पिशवीत दोन फायली ठेवल्या, एक हिरवी, एक निळी. हिरवीत खुनी रोझारिओ. ओढून-ताणून आणलेला, त्याला बंगला हवा होता वगैरे. ती कथा लिहिताना तिला स्वतःचीच लाज वाटली होती, पण छापून आली असती. निळीत… निळीतली तिनं दोन दिवसांत लिहिली होती, उठून पाणीसुद्धा न पिता. निळीत खून झालाच नाही. नॅटलीनं फक्त इयानला फोन केला नाही. बस, एवढंच. संपादक विचारतील, बाई, यात गुन्हा कुठाय? गुन्हा कुठल्या कलमाखाली बसतो ते नॅटलीलाही माहीत नव्हतं.

रिक्षा पंतनगरातून हायवेला लागली. मेट्रोचे पत्रे, मग विक्रोळी. पिशवी मांडीवर घट्ट.

तिनं फोन केला नाही. म्हणजे मी केला नाही. नॅटली कुठली आलीय यात.

अकरा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी होता. आई – रुक्मिणीबाई धुरी, गिरणी बंद पडल्यावर नवऱ्यामागे खानावळ चालवून दोन पोरं शिकवणारी बाई – चौदा महिने अंथरुणात होती. गंधालीच्या घरी, कारण गंधालीचं लग्न नाही, ती शिकवायची ती शाळा जवळ, आणि हर्षदच्या घरी जागा कमी. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप ठरलं. आंघोळ, पॅड, पेज, पाठीला पावडर, सगळं गंधाली. आणि रोज सकाळी डोळे उघडले की आई छताकडे बघून विचारायची, “हर्षद इलो काय गे?” रोज. पाठ पुसणाऱ्या मुलीला विचारायची, झील आला का म्हणून. त्यात आईचं काही वाईट नव्हतं. जवळ असलेल्याची वाट कोण बघतं.

तीनदा तिनं त्याला घाईनं बोलावलं होतं. आता काही खरं नाही, ये. तिन्ही वेळा तो पाळी सोडून धावत आला, आणि तिन्ही वेळा आई त्याला बघून उठून बसली. तिसऱ्यांदा तर घावन मागितलं, चटणी मागितली, आणि नेहमीसारखं दीड खाल्लं. दोन तिला जड व्हायची, एकानं भूक राहायची, जन्मभर दीड. जाताना हर्षद जिन्यात थांबून म्हणाला, रागानं नाही, दमून म्हणाला, “गंधे, जरा बघून फोन करत जा गं.”

म्हणून चौथ्यांदा ती बघत राहिली.

पहाटे साडेपाचला आईचा श्वास बदलला. आईची कवळी वाटीतच होती, खिडकीत. “हर्षद इलो काय?” गंधाली म्हणाली, “येता, आये. निघालो तो.” फोन हातात होता. बघून करू म्हणाली. सहा वाजले. पुन्हा विचारलं. “वाटेर आसा.” सात वेळा विचारलं आईनं, सातही वेळा गंधालीनं हर्षदला वाटेवर ठेवलं, भांडुपला पोचला, विक्रोळीला पोचला, खाली रिक्षा थांबली. आई दाराकडे बघत होती. नऊ-चाळीसला संपलं, आणि नऊ-पन्नासला तिनं फोन केला. तो पस्तीस मिनिटांत आला. साडेपाचला केला असता तर सहा-पाचला आला असता – हे गणित तिनं इतक्यांदा केलं होतं की आता आकडे नुसतेच दिसायचे.

दारातच त्यानं विचारलं, “काही म्हणाली?”

आणि ती म्हणाली, “नाही रे दादा. सकाळी दीड घावन खाल्लं, पाणी प्यायली, कुशीवर वळली. कुणाचं नाव घेतलं नाही.”

दीड म्हटल्यावर कोण शंका घेणार? घरातलंच माप होतं ते. तो पलंगाशी बसला आणि मान हलवत राहिला. थोड्या वेळानं शेजारच्या शकुमावशीनं वाटी उचलली, विचारलं, कवळी बसवायची का गं? पण जबडा घट्ट झाला होता. हर्षद तेव्हा खिडकीशी उभा होता. पाठमोरा. पाठमोरा माणूस ऐकत असतो की नाही, हे गंधालीला अकरा वर्षं ठरवता आलं नव्हतं.

आणि निळ्या फायलीत एक वाक्य होतं जे तिनं तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा ठेवलं. ‘भावाच्या बोलण्याचा राग आला म्हणून नाही. एकदा तरी ममानं त्याच्याशिवाय माझ्याकडे बघावं म्हणून.’ पान नऊ. बघून फोन कर म्हणाला होता, हे तिचं अकरा वर्षांचं औषध होतं. पण हात फोनवर होता आणि हात हलला नाही, तेव्हा तिच्या मनात जिन्यातलं ते वाक्य नव्हतंच. आई होती आणि ती होती, खोलीत तिसरं कुणी नव्हतं, आणि तिला ते हवं होतं. आणि आईनं बघितलं ते शेवटपर्यंत दाराकडेच.

भांडुपच्या पुढं उजवीकडे मिठागरं मोकळी पडली. पाणी, त्यात काही पांढरे पक्षी. रिक्षावाला फोनवर कुणाला तरी जेवण झालं का विचारत होता. गंधालीनं पाकीट बाहेर काढून उजेडात धरलं, या वर्षी हे तिनं निदान पंधरा वेळा केलं असेल, आणि नेहमीप्रमाणे काही दिसलं नाही. पिना जागच्या जागी. आत लिहिलं असणार: नॅटली. किंवा नावाऐवजी एक वाक्य. का केलंस? किंवा… माफ आहे. नाही, हर्षद असं लिहिणार नाही. तो नावच लिहील. तपासणाऱ्या माणसानं बाटली बाजूला काढायची, बाटलीशी बोलायचं नाही.

हिरवी की निळी. हिरवी दिली तर तो पाकीट फोडील, नॅटलीचं नाव निघेल, आणि तो तिच्याकडे बघेल. तिनं धागा बघूनही बघितला नाही, हे त्याला कळेल. निळी दिली तर… निदान ती पकडली गेल्यावर कबूल झाली असं होईल. पकडलं जाण्यात एक सोय असते. सुरुवात आपल्याला करावी लागत नाही.

दार हर्षदनंच उघडलं. तोंडावर हात. “ये,” म्हणाला, पण ते ‘ये’ कुठून तरी लांबून आल्यासारखं वाटलं, आणि गाल बदलले होते. गंधाली उंबऱ्यातच थांबली.

“काय झालं रे दादा?”

“काही नाही. बस.”

“काही नाही काय,” मधुवंतीवहिनी आतून पदराला हात पुसत आली. “मे महिन्यात वरचे सगळे दात काढले. जूनमध्ये कवळी आली. कुणाला सांगू द्यायचं नाही म्हणे, तुलासुद्धा नाही, म्हणून तर कागदही या वर्षी कुरिअरनं धाडले. दिवसभर ती आपली वाटीत, आणि हे तसेच, बोळके. आता तू येणार म्हणून सकाळपासून बसवून ठेवलीय. तोंड बघ, परीक्षेला बसल्यासारखं झालंय.”

“मधू, पुरे,” हर्षद म्हणाला. कवळी खटकन वाजली.

गंधालीचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती आतल्या खोलीतल्या लिहायच्या टेबलाकडे बघत होती. टेबल खिडकीला लावलेलं. खिडकीच्या कट्ट्यावर औषधांच्या दोन बाटल्या, आणि त्यांच्या अलीकडे स्टीलची वाटी. रिकामी, पालथी घातलेली.

“कथा लिहायला बसायचे ते ही वाटी समोर घेऊन,” वहिनी म्हणाली. “मी म्हटलं, मुडद्याच्या शेजारी ती तरी नको.”

म्हणजे… हे असं होतं. समोर दिसली म्हणून लिहिली. उगाच. बावीस वर्षांत पहिल्यांदा हर्षद धुरीनं उगाच वस्तू ठेवली होती, आणि दीडचं काय, दीड तर आईचं घरगुती माप, कुठल्याही म्हातारीला त्यानं ते दिलं असतं. आणि ‘कुणाचं नाव घेतलं नाही’… ते तर तिनंच त्याला दिलेलं. अकरा वर्षं जपून ठेवलं असणार त्यानं, आणि एका बाईचं मरण लिहायला बसला तेव्हा तेच हाताशी आलं. दुसरं काही नव्हतंच त्याच्याकडे. हे कळल्यावर तिला आधी हसू आलं. दोन महिने मी जेवले नाही रे बाबा, तुझ्या दातांपायी! ती खुर्चीत बसली, वहिनीनं दिलेलं पाणी एका दमात प्यायली. सुटले. याला काही माहीत नाही. हिरवी फाईल द्यायची, रोझारिओ की नर्स की कोण ते बघायचं, वडे खायचे, संध्याकाळी घरी.

आणि पेला खाली ठेवता ठेवता तिला कळलं की आपल्याला रडायला येतंय.

माहीत नाही याला. काहीच माहीत नाही. अजून तो तिथंच आहे, पलंगाशी, मान हलवत. आईनं आपलं नाव घेतलं नाही, असं धरून जगतोय. आणि मी दोन महिने घाबरले होते असं मला वाटत होतं. घाबरले नव्हते मी. मी वाट बघत होते. त्यानं बाटली उचलून बाजूला ठेवावी, एवढीच.

“हं,” हर्षद समोर बसला. डोळ्यांत तीच बावीस वर्षांची उत्सुकता, परीक्षा घेणाऱ्याची आणि देणाऱ्याचीही. “काढ. कोण?”

तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. त्यानं सवयीनं पिना तपासल्या, सही तपासली, पाकीट दोघांच्या मधोमध सरळ केलं.

“सोपं होतं ना या वर्षी?” तो म्हणाला. “मला वाटलं, जरा जास्तच सोपं झालंय.”

काय सोपं झालं? तिनं त्याच्याकडे बघितलं. कवळीमुळे ओठ नीट मिटत नव्हते, त्यामुळे तो हसतोय की नुसतं तोंड सावरतोय, ते कळत नव्हतं. आणि विचारावंसं वाटलं नाही. सकाळपासून, जुलैपासून ज्या पाकिटाखातर तिचा जीव टांगणीला लागला होता त्याच्यात नॅटली असो, रोझारिओ असो, कोरा कागद असो… पाकीट टेबलावर पडलं होतं आणि ती त्याच्या पलीकडे बघत होती. पिशवीत हात गेला. फाईल कुठली, हे बोटांना न बघता कळलं; निळीचा कोपरा दुमडलेला होता.

हर्षदनं हात पुढं केला आणि मागे घेतला. “या वर्षी तूच वाच गं. या दातांनी मी वाचलं तर कथेचाच खून होईल. मधू, गॅस बंद कर आणि ये, सुरू करतेय ही.”

बावीस वर्षांत तिनं तिचं लिहिलेलं कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं. वहिनी येऊन सोफ्याच्या कडेला टेकली. बाहेर खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं ते किणकिणणारं गाणं थांबेपर्यंत गंधाली थांबली. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. पहिलं पान उघडलं. मढचा समुद्र होता त्याच्यावर, ओहोटी, बंगल्याचं फाटक. तिनं ते उलटलं. दुसरं, तिसरं. एकेक पान उलटत ती नवव्या पानावर आली.

“अगं, सुरुवातीपासून,” हर्षद म्हणाला.

“नाही दादा. इथूनच ऐक.”

पहिला शब्द ‘ममा’ होता. तो तिनं वाचला नाही. तिथं ‘आई’ म्हणायचं हे तिचं ठरलं होतं, केव्हा ठरलं कोण जाणे, आणि एवढा वेळ तोंडाशी आलेला तो शब्द आता तिला जड वाटत नव्हता.